मिलिमोल येतात कुठून? एमआर स्पेक्ट्रोस्कोपीतल्या मोजपट्टीचा इतिहास

एमआर स्पेक्ट्रोस्कोपीचा कुठलाही पेपर उघडा, रिझल्ट्समध्ये एक तक्ता हमखास सापडतो. एनएए इतके मिलिमोल, क्रिएटिन इतके, कोलीन इतकं. जिवंत माणसाच्या मेंदूत सुई न घालता, काहीही न कापता मोजलेली ही संहती. संशोधनाच्या तयारीला लागलेल्या बऱ्याच जणांना हा तक्ता थर्मामीटरवरच्या आकड्यासारखा वाटतो. मशीननं मोजलं, आपण उतरवून घेतलं.

प्रत्यक्षात स्कॅनरला मिलिमोल कळतच नाहीत. कॉईलमध्ये एक बारीकसं व्होल्टेज येतं, ते अॅम्प्लिफायरमधून जातं, संगणक त्याचा आकडा करतो. उद्या त्याच टेबलावर दुसरा माणूस झोपवला की हा आकडा वेगळा, कारण त्याचं डोकं लहान-मोठं असतं आणि कॉईलची संवेदनशीलता त्यानुसार बदलते. या आकड्यापासून मिलिमोलपर्यंत पोहोचायचं तर कशाशी तरी तुलना करावीच लागते. ती कशाशी करायची, हा प्रश्न या विषयाला जवळपास सुरुवातीपासून चिकटलेला आहे. पीएच.डी.च्या प्रपोजलमध्ये "आम्ही मेटाबोलाइटची संहती मोजू" असं एक वाक्य लिहिण्याआधी त्या प्रश्नाचा इतिहास माहीत असलेला बरा, म्हणून ही पोस्ट.

सुरुवात भौतिकशास्त्रात

एनएमआर शोधणाऱ्यांना रसायनशास्त्राशी फारसं देणंघेणं नव्हतं. १९४६ साली स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एनएमआर सिग्नल मिळवल्याचं जाहीर केलं. १९५२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. त्या काळात या तंत्राचं मोठं आकर्षण होतं ते वेगवेगळ्या केंद्रकांचे चुंबकीय मोमेंट अचूक मोजण्याचं. स्टॅनफर्डलाच प्रॉक्टर आणि यू हे दोघे नायट्रोजनचा मोमेंट मोजत होते. पाण्यात भरपूर विरघळतो आणि नायट्रोजन भरपूर देतो म्हणून त्यांनी अमोनियम नायट्रेट घेतलं. एक रेषा यायला हवी होती, आल्या दोन. एक अमोनियमच्या नायट्रोजनची, दुसरी नायट्रेटच्या. म्हणजे केंद्रक कुठल्या रासायनिक शेजारात बसलंय त्यावर त्याची वारंवारता ठरते! मोमेंट मोजणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं ही शुद्ध कटकट. हा शोध १९५० मध्ये छापून आला, आणि आपलं सगळं क्षेत्र या कटकटीवर उभं आहे.

पुढच्याच वर्षी अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलचा स्पेक्ट्रम दाखवला. तीन पीक: एक ओएचचं, एक सीएच-टूचं, एक सीएच-थ्रीचं, आणि त्यांची क्षेत्रफळं १:२:३ या प्रमाणात. यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आले आणि १९५० च्या दशकात तिथला एनएमआर गट त्यांनी उभा केला. कुलाब्याला टीआयएफआरच्या एनएमआर फॅसिलिटीत कधी गेलात तर ही साखळी लक्षात असू द्या.

१:२:३ हे आपल्या गोष्टीचं मूळ आहे. पीकचं क्षेत्रफळ प्रोटॉनच्या संख्येच्या प्रमाणात असतं. पण नीट बघा, इथे गुणोत्तर मिळालंय. नळीत एकूण किती इथेनॉल आहे हे त्या स्पेक्ट्रममधून कळत नाही. गुणोत्तर फुकट मिळतं, खरी संहती मिळत नाही. पुढचं सगळं रामायण एवढ्याचसाठी.

ऑक्सफर्ड: मोजपट्टी न लागणारं मोजमाप

ऊतींकडे वळलेल्या लोकांनी आधी फॉस्फरस धरला. फॉस्फरस-३१ हा निसर्गात जवळजवळ शंभर टक्के असतो, आणि पेशीच्या ऊर्जेचा व्यवहार चालतो तो एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे फॉस्फरसवरच. १९७३ मध्ये मून आणि रिचर्ड्स यांनी तांबड्या रक्तपेशींचा फॉस्फरस स्पेक्ट्रम घेतला आणि इनऑरगॅनिक फॉस्फेटच्या पीकच्या जागेवरून पेशीच्या आतला पीएच काढता येतो हे दाखवलं. १९७४ मध्ये ऑक्सफर्डच्या हूल्ट, गॅडियन, रॅडा, रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पायाचा ताजा काढलेला स्नायू नळीत ठेवला. एटीपीची तीन पीक, फॉस्फोक्रिएटिन आणि फॉस्फेट स्वच्छ दिसले. वेळ जाईल तसं फॉस्फोक्रिएटिन घटत गेलं, फॉस्फेट वाढत गेलं. मरत चाललेल्या स्नायूची जमाखर्चाची वही समोर उलगडत होती, आणि त्यासाठी स्नायू वाटून आम्लात घालावा लागला नव्हता.

१९८० मध्ये याच मंडळींची सरफेस कॉईल आली. तारेचं एक साधं वेटोळं अवयवावर ठेवायचं, आणि त्याच्याखालच्या भागाचा सिग्नल घ्यायचा. त्यामुळे अख्ख्या प्राण्यावर, आणि लगेच माणसावर, प्रयोग शक्य झाले. पण संहती मोजण्याचं काम मात्र अवघड झालं. वेटोळ्यापासून जितकं खोल जाल तितका सिग्नल पडतो, त्यामुळे किती ऊतीतून किती सिग्नल आला याचा हिशेबच लागत नाही.

आणि तरीही १९८१ मध्ये मॅकआर्डल आजाराच्या एका रुग्णावर निदानाला पक्का पुरावा देणारं काम झालं. या आजारात स्नायूतला ग्लायकोजेन फोडणारं एन्झाइम नसतं, म्हणून व्यायाम करताना लॅक्टिक आम्ल तयार होत नाही. निरोगी माणसाच्या हाताला रक्तपुरवठा रोखून व्यायाम करायला लावला तर स्नायू आम्लधर्मी होतो, फॉस्फेटचं पीक सरकतं. या रुग्णात ते सरकलंच नाही.

मला हा प्रयोग फार आवडतो, आणि त्यामागचं कारण सहसा कुणी सांगत नाही. पीएच काढायला क्षेत्रफळ लागतच नाही. पीक कुठे आहे एवढंच बघायचं. कॉईल कशी आहे, सिग्नल किती खोलून आला, सगळं बिनमहत्त्वाचं. म्हणजे माणसावरच्या स्पेक्ट्रोस्कोपीचा पहिला ठळक विजय मोजपट्टी जिथे लागतच नाही अशा जागी मिळाला. सुरुवातीच्या प्रश्नाची ही निवड हुशारीची होती.

फॉस्फरसमध्ये मिलिमोल हवेच असतील तेव्हा लोक काय करत? एटीपीच्या पीकला ८.२ मिलिमोल धरत आणि बाकीचं त्याच्या प्रमाणात काढत. हा ८.२ स्नायूंच्या बायोप्सीतून आलेला. गंमत बघा: सुई न टोचता केलेलं मोजमाप, पण मोजपट्टी सुईनं काढलेल्या तुकड्याची. निरोगी स्नायूला हे चालतं, कारण एटीपी स्थिर ठेवण्यासाठी पेशी जिवाचं रान करते. आजारी स्नायूत एटीपीच कमी असेल तर बाकीचे सगळे आकडे फुगतात.

उलट बाजूही सांगायला हवी. एडीपी बायोप्सीतून मोजला की कितीतरी जास्त येतो, कारण बहुतेक एडीपी प्रथिनांना चिकटलेला असतो आणि आम्लात तो सगळा सुटतो. पेशीला जाणवणारा मोकळा एडीपी स्पेक्ट्रोस्कोपीवाल्यांनी क्रिएटिन कायनेजच्या समतोलावरून काढला, तो आला काही दहा मायक्रोमोल. इथे बायोप्सी चुकत होती.

पाण्याचा डोंगर आणि क्रिएटिनची सोय

मेंदूसाठी प्रोटॉन जास्त सोयीचा, सिग्नल कितीतरी मोठा. अडचण एकच, पाणी. मेंदूच्या ऊतीत पाण्याच्या प्रोटॉनची संहती लिटरमागे साधारण ८० मोल. एनएए, म्हणजे एन-अॅसिटिल अॅस्पार्टेट, साधारण १० मिलिमोल आणि त्याच्या मुख्य पीकला तीन प्रोटॉन, म्हणजे ३० मिलिमोल. अडीच हजार पटीहून जास्त उंच डोंगराशेजारी ही टेकडी शोधायची. १९८० च्या दशकात पाण्याचा सिग्नल दाबण्याच्या पद्धती आल्या, मेंदूतला एक चौकोनी तुकडा निवडण्यासाठी स्टीम आणि प्रेस हे सिक्वेन्स आले, आणि दशक संपता संपता माणसाच्या मेंदूचे वाचता येण्याजोगे स्पेक्ट्रम मिळू लागले. २.० पीपीएमला एनएए, ३.० ला क्रिएटिन, ३.२ ला कोलीन. रेडिओलॉजीत हे तीन आकडे पाठच असतात.

आता मोजपट्टी? क्रिएटिन. निवड आळसातून झालेली नव्हती, तिला तर्क होता. ३.० चं पीक क्रिएटिन आणि फॉस्फोक्रिएटिन या दोघांचं मिळून आहे. ऊर्जा खर्च झाली की फॉस्फोक्रिएटिनचं क्रिएटिन होतं, बेरीज तीच राहते. शिवाय ते त्याच व्हॉक्सेलमधून, त्याच कॉईलमधून, त्याच क्षणी येतं, त्यामुळे कॉईलची सगळी भानगड गुणोत्तरात कटते. एनएए/क्रिएटिन, कोलीन/क्रिएटिन. आपल्याकडच्या एमआरआय सेंटरच्या रिपोर्टमध्येही हीच गुणोत्तरं दिसतात.

पण मिनिटभराच्या हालचालीत बेरीज स्थिर राहते म्हणून ती सगळ्या माणसांत, सगळ्या आजारांत सारखीच असेल, हे कुठून आलं? ग्रे मॅटरमध्ये क्रिएटिन व्हाइट मॅटरपेक्षा जास्त असतं, सेरेबेलममध्ये आणखी जास्त, मृत ऊती असलेल्या गाठीत जवळजवळ नसतं. एनएए/क्रिएटिन घसरलं तर एनएए कमी झालं की क्रिएटिन वाढलं, हे गुणोत्तर कधीच सांगत नाही. माझ्या मते या क्षेत्रातले निम्मे वाद या एका भागाकारातून निघालेत.

मोजपट्टीच गायब

१९९४ मध्ये जर्मनीत ग्योटिंगनच्या डॉक्टरांनी एका लहान मुलाची केस प्रसिद्ध केली. वाढ खुंटलेली, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली वाढत चाललेल्या, वय दोन वर्षांच्या आत. मेंदूचा प्रोटॉन स्पेक्ट्रम घेतला तर एनएए जागेवर, कोलीन जागेवर, आणि ३.० पीपीएमला जवळजवळ सपाट. क्रिएटिन नव्हतंच.

ज्या पीकनं बाकी सगळ्यांना भागायचं तेच नाही. गुणोत्तर काढणाऱ्या सॉफ्टवेअरनं इथे काहीतरी अवाढव्य आकडा दिला असता, आणि एनएए प्रचंड वाढलंय असा अर्थ कुणी काढला असता. या लोकांनी स्पेक्ट्रम डोळ्यांनी बघितला आणि संहती स्वतंत्रपणे मोजली, म्हणून नेमकं काय हरवलंय ते कळलं. पुढची पायरी तितकीच सुंदर. क्रिएटिन शरीरात दोन टप्प्यांत बनतं: आर्जिनिनपासून ग्वानिडिनोअॅसिटेट, आणि त्यापासून क्रिएटिन. मुलाला आर्जिनिन दिल्यावर मेंदूत ग्वानिडिनोअॅसिटेट वाढलं, क्रिएटिन नाही. म्हणजे दुसरी पायरी तुटलेली. तोंडावाटे क्रिएटिनच दिल्यावर मेंदूतलं पीक हळूहळू वर आलं आणि मुलाची तब्येतही सुधारू लागली. तुटलेल्या एन्झाइमचं नाव जीएएमटी. उपचार करता येणारा एक नवा आनुवंशिक आजार एमआर स्पेक्ट्रोस्कोपीच्या आधारे सापडला होता. २००१ मध्ये क्रिएटिन मेंदूत पोहोचवणाऱ्या वाहक प्रथिनाचा दोष सापडला. त्यातही क्रिएटिनचं पीक जवळजवळ नसतं, पण तिथे तोंडावाटे क्रिएटिन देऊन मेंदूतलं पीक तसं वर येत नाही.

त्या मुलाच्या स्पेक्ट्रमची आकृती पेपर काढून एकदा बघाच.

डोंगराचीच मोजपट्टी

गुणोत्तरांवर न भागलेल्या लोकांची नजर वळली ती इतके दिवस दाबून टाकलेल्या पाण्याकडे. थल्बॉर्न आणि अॅकरमन यांनी १९८३ मध्येच याचा पाया घातला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मेंदूसाठी ही पद्धत बसवली गेली. पाणी न दाबता एक स्पेक्ट्रम, दाबून दुसरा. ऊतीत पाणी किती हे साधारण माहीत असतं, ग्रे मॅटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास, व्हाइट मॅटरमध्ये ७० च्या आसपास. त्यावरून मेटाबोलाइट काढायचं.

कागदावर हे सोपं आहे. अडतं कुठे ते एका उदाहरणानं बघू. समजा व्हॉक्सेलमध्ये पाव भाग सीएसएफ आहे, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी, ज्यात एनएए जवळजवळ नसतं. ऊतीत एनएए १० मिलिमोल. सीएसएफकडे दुर्लक्ष केलंत तर एनएएचा सिग्नल पाव भागानं कमी, आणि पाण्याचा सिग्नल मात्र थोडा जास्त, कारण सीएसएफ म्हणजे निव्वळ पाणीच. रिलॅक्सेशनचा फरक बाजूला ठेवला तरी उत्तर येतं ७ च्या आसपास. आता हेच अल्झायमरच्या अभ्यासात घाला. रुग्णांचा मेंदू आक्रसलेला, व्हॉक्सेलमध्ये सीएसएफ जास्त. उरलेल्या न्यूरॉनना काहीही झालेलं नसलं तरी तक्त्यात एनएए तीस टक्क्यांनी कमी! म्हणून एमआरआय प्रतिमेवरून व्हॉक्सेलची ग्रे, व्हाइट, सीएसएफ अशी फोड करतात. ज्या पेपरमध्ये ती केलेली नाही त्याचा तक्ता मी तरी शंकेनंच वाचते.

दुसरी गाठ टी-टूची. प्रोटॉनचा सिग्नल ठरावीक वेगानं विझत जातो, आणि आपण तो काही मिलिसेकंदांनी ऐकतो. एको टाइम १४४ मिलिसेकंद असेल आणि रुग्णात एनएएचा टी-टू ३०० वरून २५० वर आला, तर संहती तीच असून सिग्नल नऊ टक्क्यांनी पडतो. एको टाइम ३० असेल तर हाच फरक दोन टक्के. सगळ्यांसाठी टी-टूचा एकच पुस्तकी आकडा वापरला की हे नऊ टक्के "आजाराचा परिणाम" म्हणून छापून येतात. मार्ग दोनच: एको टाइम कमी ठेवा, किंवा टी-टू स्वतः मोजा. दुसऱ्याला स्कॅनरचा वेळ लागतो, आणि तो कुणाकडेच नसतो.

येलमधली कसोटी

मोजपट्टी चोख लावली तर काय हाती लागतं याचं उत्तम उदाहरण मेंदूतलं नाही, स्नायूतलं आहे. येल विद्यापीठात रॉबर्ट शुलमन यांच्या गटानं कार्बन-१३ वापरून ग्लायकोजेन मोजायचं ठरवलं. निसर्गात कार्बन-१३ जेमतेम १.१ टक्का. शिवाय ग्लायकोजेन हा अवाढव्य रेणू, इतका मोठा रेणू एनएमआरमध्ये दिसणारच नाही असा रास्त संशय होता. तो पूर्णपणे दिसतो हे १९८३ मध्ये यकृतातल्या ग्लायकोजेनवर दाखवलं गेलं. १९९० मध्ये जेराल्ड शुलमन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसं आणि टाइप-२ मधुमेहाचे रुग्ण यांना कार्बन-१३ नं भारलेला ग्लुकोज देऊन पोटरीच्या स्नायूत ग्लायकोजेन किती वेगानं बनतं ते मोजलं. रुग्णांमध्ये हा वेग निम्म्याहूनही कमी होता. रक्तातली साखर स्नायूत जाऊन साठत नाही, हे आकड्यानिशी पुढे आलं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९९२ चं काम. येलच्याच लोकांनी त्याच माणसांच्या त्याच स्नायूतून सुईनं तुकडे काढले, रासायनिक पद्धतीनं ग्लायकोजेन मोजलं आणि एनएमआरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. दोन्ही जवळजवळ तंतोतंत जुळले. मेंदूच्या बाबतीत ही चैन नाही. निरोगी माणसाच्या मेंदूतून तुकडा कोण काढून देणार?

राव साहेबांची सीमा

१९९३ मध्ये स्टीफन प्रोव्हेंचर यांचं एलसीमॉडेल आलं, तेही ग्योटिंगनमधूनच. एकेक पीक मोजण्याऐवजी प्रत्येक मेटाबोलाइटचा शुद्ध द्रावणातला अख्खा स्पेक्ट्रम घ्यायचा आणि रुग्णाचा स्पेक्ट्रम म्हणजे त्यांची बेरीज असं मानून फिट करायचं. एकमेकांवर चढलेली पीक त्यामुळे सुटी करता आली. सोबत प्रत्येक आकड्याला एक टक्केवारी येते, क्रॅमर-राव लोअर बाउंड. यातले राव म्हणजे आपले सी. आर. राव, ज्यांनी १९४५ मध्ये कलकत्त्यात हा निकाल प्रसिद्ध केला.

ही टक्केवारी २० च्या वर गेली की आकडा टाकून द्यायचा, अशी एक प्रथा पडली. प्रथेतली मेख रोलँड क्राइस यांनी २०१६ मध्ये स्पष्ट मांडली. समजा सगळ्यांच्या मोजमापात अनिश्चितता सारखीच, १ मिलिमोल. ज्याची संहती ८ आहे त्याची टक्केवारी साडेबारा, तो राहिला. ज्याची ३ आहे त्याची तेहतीस, तो गेला. आजारानं हे मेटाबोलाइट खरोखर कमी होत असेल तर सगळ्यात आजारी माणसंच यादीतून बाहेर पडतात, उरलेल्यांची सरासरी वर जाते आणि "फरक आढळला नाही" असा निष्कर्ष येतो. गुणवत्ता राखण्यासाठी लावलेली चाळणी रुग्णांनाच चाळून टाकते. क्राइस यांच्या पेपरनंतरही ही चाळणी तशीच वापरलेले अभ्यास दिसतात. तुमच्या गाइडनं ती सुचवली तर हा पेपर नम्रपणे पुढे करा.

आता अनेकजण मिलिमोल हा शब्दच टाळतात आणि "इन्स्टिट्यूशनल युनिट्स" लिहितात, म्हणजे आमच्या केंद्रात, आमच्या गृहीतकांवर आलेला आकडा. सुरुवातीला मला ही पळवाट वाटायची. आता वाटतं, निदान त्यात लपवाछपवी नाही. २०२२ मध्ये एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले: संगणकावर बनवलेले, खरी संहती आधीच ठाऊक असलेले स्पेक्ट्रम अनेक गटांना दिले होते, प्रत्येकानं आपापल्या सॉफ्टवेअरनं फिट करून आकडे पाठवायचे. यात कॉईल नव्हती, सीएसएफ नव्हतं, रुग्णाची हालचाल नव्हती. बहुतेकांचे फिट डोळ्यांना छान दिसत होते, आणि आकडे मात्र एकमेकांपासून चांगलेच वेगळे होते.